टॉमकॅटच्या मॅनेजर पानावर ४०३ आणि ४०१: नकार नेमका कोण देत आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दूरच्या लिनक्स सर्व्हरवर टॉमकॅट ९ (जावातली वेब ॲप्लिकेशने चालवणारा सर्व्हर) बसवला आहे आणि ८०८० या पोर्टवर त्याचे स्वागताचे पान नीट उघडते, मात्र त्यावरचे ‘मॅनेजर ॲप’ (ब्राउझरमधून ॲप्लिकेशने चढवण्या-उतरवण्याचे पान) हे बटण दाबले की पासवर्ड न विचारताच ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’ असा नकार, येतो. टॉमकॅट-युजर्स.एक्सएमएल या फाइलमध्ये नाव आणि पासवर्ड घालून, सर्व्हर रीस्टार्ट करूनही फरक पडला नाही. एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरण्याची सोय) सर्व्हरवर शिरून तिथूनच कर्लने (आदेशाच्या ओळीतून पान मागवणारे साधन) तेच पान त्या नाव-पासवर्डासह मागितले, तर ४०३ ऐवजी ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ असा नकार, आला. कोणत्या पत्त्यावरून मॅनेजर उघडता येईल यावरचे बंधन सरळ काढून टाकावे, असा सल्ला कोणीतरी दिला आहे. तो मानावा का, असे आपण विचारता.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तो सल्ला मानू नये. ते बंधन काढल्याने आपला ४०३ जाईल, पण ४०१ तसाच राहील, कारण हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि दोघांचे मूळ वेगवेगळ्या फाइलींत आहे. मॅनेजर पानावर अडकलेल्या बहुतेकांची गल्लत इथेच होते. पान उघडत नाही एवढेच ते पाहतात, आकड्याकडे दुर्लक्ष करतात, आणि मग पाच फाइलींत सात बदल करून बसतात. त्यातला कोणता बदल उपयोगी पडला आणि कोणता घातक ठरला, हे नंतर त्यांनाही सांगता येत नाही. आपण कर्लची चाचणी केलीत हे फार बरे केलेत, कारण त्या एका चाचणीने निम्मे निदान होऊन गेले आहे.

स्वागताचे पान दिसते आहे, म्हणजे जाळे, फायरवॉल आणि कनेक्टर (टॉमकॅटचा पोर्टवर ऐकणारा भाग) यांचा प्रश्न मिटलेला आहे. तेही पान दिसत नसते तर गोष्ट वेगळी होती: जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा त्या पोर्टवर कोणीच ऐकत नसते किंवा सर्व्हर.एक्सएमएलमधल्या कनेक्टरला १२७.०.०.१ एवढाच पत्ता बांधून दिलेला असतो. आणि ब्राउझर बराच वेळ ताटकळत राहून मग हार मानत असेल, तर वाटेत एखादी फायरवॉल किंवा क्लाउडचा सुरक्षा-नियम पाकिटे गिळत असतो. आपल्या बाबतीत यातले काहीच नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका.

आता ४०३ कडे वळू. तो पासवर्डची चौकट येण्याआधीच आला, हा तपशील कळीचा आहे. मॅनेजर हे टॉमकॅटच्या दृष्टीने एक सामान्य वेब ॲप्लिकेशनच असते आणि त्याच्या मेटा-इन्फ या फोल्डरात कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल नावाची फाइल असते. मूळ वितरणात या फाइलमध्ये ‘रिमोट-ॲड्रेस व्हॉल्व्ह’ नावाचा एक पहारेकरी बसवलेला असतो, आणि १२७ ने सुरू होणारे पत्ते व आयपीव्ही६ मधला स्वतःचा पत्ता एवढ्यांनाच तो आत सोडतो. विनंती आधी या पहारेकऱ्यापुढे येते आणि ओळख विचारणारा भाग त्याच्या मागे उभा असतो. त्यामुळे पत्ता नापसंत झाला की नाव-पासवर्डापर्यंत गोष्ट जातच नाही, आणि टॉमकॅट-युजर्स फाइलमध्ये कितीही फेरफार केले तरी या ४०३ वर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. गंमत म्हणजे या नकाराच्या पानावरच टॉमकॅटने हे कारण लिहून ठेवलेले असते: मॅनेजर मुळात त्याच यंत्रावरच्या ब्राउझरला उघडे असते आणि ते बदलायचे तर कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल पाहावे लागेल. मोठा आकडा पाहून लोक पान बंद करतात आणि खालचा मजकूर वाचायचा राहून जातो.

पहारेकऱ्याला आपला पत्ता कोणता दिसतो, हे अंदाजाने ठरवू नका. टॉमकॅटच्या लॉग फोल्डरात ‘लोकलहोस्ट ॲक्सेस लॉग’ या नावाची, दिवसाची तारीख जोडलेली एक फाइल असते. ती शेवटाकडून उघडी ठेवा आणि ब्राउझरमधून एकदाच बटण दाबा. एक नवी ओळ उमटेल: सुरुवातीला पत्ता, मग दोन आडव्या रेघा, मग चौकटी कंसातली वेळ, मग मागितलेला मार्ग आणि शेवटी ४०३ व पाठवलेल्या बाइटांची संख्या. दोन रेघांपैकी दुसरी जागा वापरकर्त्याच्या नावाची असते. तिथे रेघच आहे, म्हणजे ओळख पटवण्याचा टप्पा आलाच नाही, हे लॉगच सांगतो. पहिला पत्ता हा पहारेकऱ्याने पाहिलेला पत्ता होय. तो आपल्या कार्यालयाच्या राउटरचा निघू शकतो, व्हीपीएनचा निघू शकतो, आणि टॉमकॅट डॉकरच्या पेटाऱ्यात (यंत्राच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात) असेल तर बऱ्याचदा १७२.१७.०.१ असा डॉकरच्या अंतर्गत जाळ्याच्या पुलाचा पत्ता निघतो. त्याच यंत्रावर बसून ‘लोकलहोस्ट’ टाइप केले तरी ४०३ का येतो, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा तिथेच मिळते.

नियमात आपला पत्ता घालायचाच असेल, तर त्याची लिहिण्याची पद्धत आधी समजून घ्या, कारण इथे चांगले मुरलेले लोकही फसतात. व्हॉल्व्हच्या ‘अलाऊ’ या गुणधर्मात पत्त्यांची यादी नसते, तिथे एक रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना सांगणारी खूणभाषा) असते आणि ते संपूर्ण पत्त्याशी जुळावे लागते. पर्याय उभ्या रेघेने वेगळे करायचे असतात. टॉमकॅट ६ च्या काळातल्या सवयीने स्वल्पविराम दिला, किंवा वाचायला सोपे जावे म्हणून उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली, तर ती खूणही नमुन्याचा भाग बनते आणि तिच्या बाजूचे पर्याय जुळत नाहीत. ‘१९२.१६८.१.०/२४’ अशी जाळ्याची लघुलिपी या व्हॉल्व्हला कळत नाही; ती हवी असेल तर त्याच्या जागी ‘रिमोट-सीआयडीआर व्हॉल्व्ह’ वापरावा, तो याच कामासाठी आहे. आणखी एक: मूळ नमुना खोडून आपण केवळ १२७.०.०.१ लिहिला, तर काही यंत्रांवर ‘लोकलहोस्ट’ हे नाव आधी आयपीव्ही६ कडे वळते, टॉमकॅटला पत्ता शून्यांच्या रांगेनंतर एक असा दिसतो, आणि घरचा माणूसच दाराबाहेर राहतो. म्हणून मूळ नमुन्यातले काही काढू नका, त्याला उभ्या रेघेने आपला पत्ता जोडा. हा बदल ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइलमध्ये करण्यापेक्षा कॉन्फ फोल्डरातील कॅटलिना, त्यातील लोकलहोस्ट या जागी मॅनेजर.एक्सएमएल नावाची फाइल ठेवून केलेला बरा, कारण ती आतल्या फाइलला मागे सारते आणि आवृत्ती बदलली तरी टिकते. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजमध्ये ही फाइल त्याच धर्तीवर इटीसी फोल्डराखाली आधीच ठेवलेली असते. तिथे मेटा-इन्फमध्ये बदल करत बसलेली मंडळी मी पाहिली आहेत.

मात्र माझा खरा सल्ला असा की, आपल्याला यातले काहीच करण्याची गरज नाही. आपल्याकडे एसएसएच आहे. आपल्या यंत्रावरचे ९०९० हे पोर्ट सर्व्हरवरच्या १२७.०.०.१ च्या ८०८० ला जोडणारे टनेल एसएसएचच्या ‘वजा मोठा एल’ या पर्यायाने उघडा आणि आपल्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ९०९० वर मॅनेजरचा मार्ग टाका. टनेलचे दुसरे टोक सर्व्हरच्या आत असल्याने टॉमकॅटला विनंती स्वतःच्याच यंत्रावरून आल्यासारखी दिसते, पहारेकरी तिला सोडतो, पासवर्ड जाळ्यावरून उघडा फिरत नाही आणि एकाही फाइलला हात लावावा लागत नाही. हे केले की आपला ४०३ आजच संपेल.

बंधन काढू नका म्हणालो, त्याचे कारणही सांगायला हवे. मॅनेजरमध्ये शिरलेला माणूस वॉर फाइल चढवू शकतो, आणि वॉर फाइल म्हणजे चालणारा कोड. टॉमकॅट ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याचे सारे अधिकार त्या कोडला मिळतात. उघड्या जाळ्यावर ८०८० दिसले की मॅनेजरचा मार्ग चाचपून पाहणारी स्वयंचलित यंत्रणा सतत फिरत असते, आणि ४०१ च्या पानावर उदाहरण म्हणून छापलेली नाव-पासवर्डाची जोडी ती आधी लावून पाहते, कारण ती जोडी जशीच्या तशी उतरवणारे कमी नाहीत. आपणही तीच उतरवली असेल तर ती आधी बदला.

याच पहारेकऱ्याची एक उलटी बाजू आहे. आपण नंतर याच यंत्रावर टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स किंवा अपाची रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पोहोचवणारा मध्यस्थ) म्हणून उभे केले, तर बाहेरच्या प्रत्येक माणसाची विनंती टॉमकॅटला १२७.०.०.१ वरून आलेली दिसू लागते. काल ज्याला ४०३ मिळत होता त्याला आज पासवर्डची चौकट मिळते, आणि पान सुरू झाले म्हणून आपण खूश होतो; प्रत्यक्षात पहारेकरी झोपलेला असतो. यावर साधा उपाय म्हणजे प्रॉक्सीमधून मॅनेजरचा मार्ग पुढे पाठवूच नये. दुसरा उपाय म्हणजे इंजिनच्या पातळीवर ‘रिमोट-आयपी व्हॉल्व्ह’ बसवावा, म्हणजे प्रॉक्सीने पाठवलेल्या शीर्षकातून खरा पत्ता उचलला जातो आणि पुढच्या तपासणीला तोच मिळतो. मात्र तेव्हा ॲक्सेस लॉग जुनाच पत्ता दाखवत राहतो. लॉगच्या व्हॉल्व्हवर ‘रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट्स एनेबल्ड’ हा गुणधर्म चालू केल्यावरच तिथे खरा पत्ता उमटतो. हे ठाऊक नसेल तर माणूस लॉगवर विश्वास ठेवून चुकीच्या दिशेने शोध घेत राहतो.

आता आपला दुसरा बिघाड, म्हणजे सर्व्हरवरूनच आलेला ४०१. याचा अर्थ पत्ता मान्य झाला, पण नाव आणि पासवर्ड यांची जोडी टॉमकॅटला पटली नाही. रोल, म्हणजे त्या नावाला दिलेला अधिकार, कमी पडला असता तर आकडा ४०१ नव्हे, ४०३ आला असता. तेव्हा रोलचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पटली नाही याची जी कारणे मला वारंवार सापडतात, त्यांत वरचा मान एका क्षुल्लक गोष्टीचा आहे. टॉमकॅट-युजर्स.एक्सएमएल ही फाइल येते तेव्हा तिच्यातल्या नमुन्याच्या ओळी टिप्पणीच्या खुणांमध्ये असतात: वर एक उघडणारी खूण, खाली दोन आडव्या रेघा आणि कोनी कंस अशी मिटणारी खूण. लोक नमुन्याच्या ओळीतच नाव-पासवर्ड बदलतात आणि खुणा तशाच राहू देतात. फाइल बरोबर दिसते, टॉमकॅट कुरकुर न करता सुरू होतो, आणि वापरकर्ता मात्र अस्तित्वातच नसतो. आपली ओळ मिटणाऱ्या खुणेच्या खाली आणि मूळ घटकाच्या शेवटच्या टॅगच्या वर आहे ना, ते नीट पाहा.

तिथे सारे ठीक असेल, तर पासवर्डातली चिन्हे पाहा. अँडचे चिन्ह किंवा डावा कोनी कंस एक्सएमएलमध्ये तसाच लिहिता येत नाही. आणि एखाद्या वेब पानावरून ओळ उचलताना सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणे आली, तर संपूर्ण फाइलच वाचता येत नाही आणि त्यातला एकही वापरकर्ता चालत नाही. असे झाले असेल तर सुरू होतानाच्या कॅटलिना लॉगमध्ये (कॅटलिना हे टॉमकॅटच्या गाभ्याचे नाव) फाइल वाचता न आल्याची तक्रार ओळ क्रमांकासह सापडते. रूट म्हणून फाइल संपादित करताना तिची मालकी बदलली आणि टॉमकॅटच्या वापरकर्त्याला ती वाचायची परवानगी उरली नाही, तर परिणाम तोच. सर्व्हर.एक्सएमएलमध्ये कोणी क्रेडेन्शियल हँडलर (पासवर्ड सांकेतिक रूपात ताडून पाहणारा भाग) लावला असेल, तर मात्र फाइलमध्ये साधा पासवर्ड चालणार नाही. तिथे टॉमकॅटच्याच डायजेस्ट स्क्रिप्टने काढलेला हॅश लिहावा लागतो.

एक अनुभव सांगतो, कारण तो आपल्यालाही लागू पडण्याची शक्यता आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी माझा सहकारी आणि मी याच ४०१ मागे दुपार घालवली. फाइल निर्दोष होती, रोल बरोबर होता, पासवर्ड मुद्दाम तीन अक्षरांचा करून पाहिला होता. शेवटी वैतागून मी फाइलच्या अखेरच्या टॅगमधला कोनी कंस खोडला आणि टॉमकॅट रीस्टार्ट केला. लॉगमध्ये आरडाओरडा व्हायला हवा होता; तो शांत राहिला. तेव्हा उलगडले की आम्ही ऑप्ट फोल्डरात हाताने उलगडलेल्या प्रतीची फाइल सजवत होतो आणि सेवा म्हणून चालणारा टॉमकॅट मात्र पॅकेजमधून बसवलेला, दुसऱ्याच फोल्डरातला होता. तेव्हापासून ही युक्ती मी पहिल्या पाच मिनिटांतच वापरतो, अर्थात ज्या सर्व्हरवर लोकांचे काम चालू नाही अशाच ठिकाणी. काम चालू असलेल्या सर्व्हरवर प्रक्रियांची यादी पुरते: जावाच्या लांबलचक ओळीत ‘कॅटलिना.बेस’ या गुणधर्मापुढे जो मार्ग दिसेल, त्याच्याच आतला कॉन्फ फोल्डर खरा. ‘कॅटलिना.होम’ वेगळा असू शकतो आणि तिथली टॉमकॅट-युजर्स फाइल नुसती शोभेची असते.

पुन:पुन्हा प्रयत्न करण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मूळ मांडणीत वापरकर्त्यांच्या यादीभोवती ‘लॉकआउट रेल्म’ असतो. एकाच नावाने ५ वेळा चूक झाली की ते नाव ३०० सेकंदांसाठी कुलूपबंद होते, आणि त्या काळात अचूक पासवर्ड दिला तरी ४०१ च येतो. त्यातही कुलपाच्या काळात पुन्हा चुकीचा पासवर्ड दिला, तर घड्याळ शून्यापासून सुरू होते. जुना, चुकीचा पासवर्ड लक्षात ठेवलेली एखादी स्क्रिप्ट किंवा बिल्डचे साधन दर मिनिटाला मागे ठोठावत असेल, तर ते कुलूप कधीच उघडत नाही, आणि आपण मात्र आपल्या टायपिंगला दोष देत बसतो. कॅटलिना लॉगमध्ये कुलूपबंद वापरकर्त्याने प्रयत्न केल्याची ओळ दिसली तर आधी तो ठोठावणारा शोधा. हे कुलूप स्मृतीतच असल्याने रीस्टार्ट केल्यावर ते निघून जाते, पण ठोठावणारा तिथेच असेल तर दहा मिनिटांत पुन्हा लागते.

पासवर्ड पटल्यावर पुढची पायरी रोलची. टॉमकॅट ७ पासून जुन्या एकाच ‘मॅनेजर’ रोलची चार भागांत वाटणी झाली: ब्राउझरच्या पानासाठी ‘मॅनेजर-जीयूआय’, स्क्रिप्टसाठी ‘मॅनेजर-स्क्रिप्ट’, जेएमएक्स या जावाच्या देखरेखीच्या सोयीसाठी ‘मॅनेजर-जेएमएक्स’ आणि फक्त स्थिती पाहण्यासाठी ‘मॅनेजर-स्टेटस’. जुन्या मार्गदर्शिकेतून नुसता ‘मॅनेजर’ उतरवला असेल तर चौकट पासवर्ड स्वीकारेल आणि मग ४०३ देईल. चारही रोल एकाच नावाला देऊन मोकळे व्हावे असा मोह होतो, पण तसे करू नये. दुसऱ्या संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरकरवी पाठवलेल्या बनावट विनंत्यांपासूनचे संरक्षण ब्राउझरच्या पानालाच आहे, स्क्रिप्टच्या आणि जेएमएक्सच्या वाटेला नाही, म्हणून माणसासाठी एक नाव आणि यंत्रासाठी दुसरे ठेवावे. त्याच संरक्षणाचा आणखी एक त्रास म्हणजे, लॉगिन झाल्यानंतर ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण वापरले किंवा जतन केलेल्या दुव्यावरून थेट आतल्या एखाद्या कृतीवर उडी मारली, तरी ४०३ येतो. त्याला बिघाड समजू नका. मॅनेजरच्या मुख्य पानावरून पुन्हा आत शिरले की पुरे.

आपल्याला ४०४ आला नाही, पण तो आला असता तर मॅनेजर बसवलेलेच नसते. डेबियन-उबंटूमध्ये ते वेगळ्या ‘ॲडमिन’ पॅकेजात असते, डॉकरच्या अधिकृत प्रतिमेत ते ‘वेबॲप्स.डिस्ट’ या फोल्डरात बाजूला काढून ठेवलेले असते, आणि एक्लिप्समधून सुरू केलेला टॉमकॅट सहसा स्वतःच्याच तात्पुरत्या फोल्डरातून चालत असल्याने त्याला ते दिसत नाही.

आपण काम करताना क्रम असा ठेवा: आधी टनेल उघडा, मग खासगी खिडकीत पान मागवा, कारण नेहमीची खिडकी जुना नाव-पासवर्ड न विचारता पाठवत राहते आणि आपली नवी जोडी तपासलीच जात नाही. तरीही ४०१ आला तर टिप्पणीच्या खुणा आणि कॅटलिना.बेस याच क्रमाने तपासा. स्वागताच्या पानावर शेजारी असलेले ‘होस्ट मॅनेजर’ मात्र या साऱ्यातून आपोआप सुरू होणार नाही. ते वेगळे ॲप्लिकेशन आहे, त्याची कॉन्टेक्स्ट फाइल वेगळी आहे आणि त्याला ‘ॲडमिन-जीयूआय’ हा वेगळाच रोल लागतो. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी होस्ट चालवत नसाल तर त्याच्या वाटेला न गेलेले बरे.